होकुतो नो केन नव्या डिस्कवर: पांढरं रक्त, कणदार पडदा आणि अरुंधतीचा तारा

कॉलेजात असताना ‘होकुतो नो केन’ ही जपानी ॲनिमे (म्हणजे ॲनिमेशन) मालिका मी पहिल्यांदा पाहिली ती हॉस्टेलवरच्या कॉम्प्युटरवर. कुणाच्या तरी हार्ड डिस्कमधून कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवर, तिथून आमच्याकडे आलेली प्रत. चित्र इतकं पुसट की मारामारीत कोण कुणाला मारतंय ते आवाजावरून ओळखायचं. नायक केनशिरो गुंडाच्या डोक्यात बोटं रोवतो, पाठ फिरवून चालू लागतो आणि मागे तो गुंड फुटतो. शब्दशः फुटतो, फुग्यासारखा. पण नेमकं त्याच क्षणी पडद्यावर पांढरा लखलखाट व्हायचा, गुंडाची नुसती काळी-निळी आकृती उरायची आणि रक्ताच्या जागी चमकणारा पांढरा झोत. मला वाटायचं, प्रतच खराब आहे.

गेल्या वर्षी अमेरिकेतल्या आतेभावाने तिचा ब्लू-रेचा, म्हणजे डीव्हीडीच्या पुढच्या पिढीच्या डिस्कचा, संच आणून दिला. मोठ्या टीव्हीवर लावला. केनशिरोच्या छातीवरचे सात व्रण मोजता येतील इतकं लख्ख चित्र. गुंड आला, शिव्या घातल्या, मार खाल्ला आणि फुटला. पुन्हा तोच लखलखाट, तेच पांढरं रक्त.

म्हणजे दोष प्रतीचा नव्हता. मग कापाकापी कुणी केली आणि ‘संपूर्ण, न कापलेली’ म्हणून मिळणाऱ्या डिस्कवरही ती का उरते? याचं उत्तर शोधताना जुनी ॲनिमे मालिका घरच्या टीव्हीवर येते म्हणजे नक्की काय होतं, हेच सगळं उलगडत जातं.

आधी गोष्ट, न पाहिलेल्यांसाठी

‘होकुतो नो केन’ ही मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. बुरोन्सोन या टोपणनावाने लिहिणारा लेखक आणि तेत्सुओ हारा हा चित्रकार. १९८३ साली ‘वीकली शोनेन जंप’ या साप्ताहिकात ती सुरू झाली तेव्हा हारा जेमतेम बावीस वर्षांचा होता. १९८८ पर्यंत ती चालली. तोएई ॲनिमेशनने केलेली मालिका फुजी टीव्हीवर ११ ऑक्टोबर १९८४ ला लागली. पहिल्या मालिकेचे १०९ भाग, लगोलग आलेल्या दुसरीचे ४३, एकूण १५२. तोयोओ आशिदा दिग्दर्शक. केनशिरोला आवाज आकिरा कामियाचा.

काळ ‘एकोणीसशे नव्वद-अमुक’. शेवटचा आकडा मुद्दामच दिलेला नाही. अणुयुद्ध झालंय, समुद्र आटलेत, जमीन भेगाळलीय आणि उरलेली माणसं पाणी, धान्य नि पेट्रोलसाठी एकमेकांच्या जिवावर उठलीत. मोटारसायकलवरून हिंडणारे, डोक्यावर कोंबड्यासारखा तुरा ठेवणारे दांडगे ज्यांना ‘मॅड मॅक्स २’ या चित्रपटाची आठवण करून देतील त्यांची आठवण बरोबर आहे. निर्मात्यांनी ते कधी लपवलं नाही. मारताना ‘आतातातातातातो’ अशी किंकाळी फोडणारा नायक ब्रूस लीच्या घराण्यातला, हेही उघड आहे. जगबुडीची कल्पना मात्र त्यांना आयात करावी लागली नव्हती. १९७३ साली नोस्त्रादामसच्या भाकितांवरचं एक पुस्तक जपानमध्ये तुफान खपलं होतं आणि १९९९ साली जग संपणार ही कुजबुज तिथल्या शाळकरी पोरांच्याही कानावर होती. त्यात अमेरिका-रशियाचं शीतयुद्ध ऐन भरात. त्यामुळे ‘नव्वद-अमुक’ हे वाचणाऱ्या मुलांसाठी दूरचं भविष्य नव्हतं. ती तिशीत पोचायच्या आतली तारीख होती.

आता नावाकडे येऊ, कारण मराठी वाचकाला इथे जपानी शिकावं लागत नाही. ‘होकुतो’ म्हणजे उत्तरेची पळी, म्हणजेच आपले सप्तर्षी. केनशिरोच्या छातीवरचे सात व्रण सप्तर्षींच्या आकाराचे आहेत. प्रतिस्पर्धी विद्या ‘नान्तो’ची, दक्षिणेच्या पळीची, धनू राशीतल्या सहा ताऱ्यांचा तो समूह. चिनी समजुतीप्रमाणे दक्षिणेची पळी जन्माची नोंद ठेवते आणि उत्तरेची मृत्यूची. म्हणून केनशिरोची विद्या मरणाची.

ही विद्या चालते ती मर्मांवर. शरीरात ७०८ गुप्त बिंदू आहेत, त्यांवर नेमका दाब दिला की शरीर आतून फुटतं, असा मालिकेचा दावा. सुश्रुतसंहितेत मर्मं १०७ आहेत आणि कोणत्या मर्मावर घाव बसला तर माणूस तात्काळ जातो, कोणत्यामुळे काही दिवसांनी, याची वर्गवारीही आहे. ‘तू तीन सेकंदांनी मरशील’ असं केनशिरो सांगतो तेव्हा मला तरी ते परकं वाटलं नाही. आकडा तेवढा त्यांनी सढळ हाताने वाढवलाय.

त्याहून गमतीचा आहे तो मृत्यूचा तारा. मालिकेत सप्तर्षींच्या शेजारी एक मिणमिणता तारा आहे. तो ज्याला दिसला त्याचं मरण जवळ आलं. एखाद्या योद्ध्याला कुणी विचारतं, ‘तुला तो तारा दिसतो का?’ आणि तो ‘हो’ म्हणाला की आपल्या पोटात गोळा येतो. आता सप्तर्षींच्या शेपटाकडून दुसरा तारा वसिष्ठ, आणि त्याला चिकटून असलेली ती ठिणगी म्हणजे आपली अरुंधती. लग्नात नवरा-नवरीला दाखवतात तीच! सुश्रुताने तर नेमकं उलट लिहून ठेवलंय: ज्याला अरुंधती, ध्रुव किंवा आकाशगंगा दिसत नाही त्याचं आयुष्य सरलं समजावं. जुन्या जपानी समजुतीतही हा आयुष्याचाच तारा, न दिसला तर धोका. नजर मंदावणं हे म्हातारपणाचं लक्षण, त्यामुळे त्या समजुतीला काही अर्थ तरी होता. मांगावाल्यांनी ती उलटी फिरवली आणि चांगल्या नजरेच्या माणसांना मरणाच्या रांगेत उभं केलं.

पांढरं रक्त कुठून आलं

तेव्हाच्या ॲनिमेत कॉम्प्युटर नव्हता. चित्रकार कागदावर पेन्सिलीने चित्र काढायचा. ते यंत्राने सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या तावावर उतरायचं. सेलच्या मागच्या बाजूने रंग भरायचे, म्हणजे पुढची रेघ शाबूत राहते. मग हाताने रंगवलेल्या पार्श्वभूमीवर सेल ठेवून वरून कॅमेऱ्याने एक फ्रेम टिपायची. सेल बदला, पुन्हा टिपा. सेकंदाला चोवीस फ्रेम. टीव्हीच्या बजेटमध्ये दर फ्रेमला नवं चित्र परवडत नसे, एकच चित्र बहुतेक वेळा तीन फ्रेम टिकायचं. म्हणजे सेकंदाला साधारण आठच चित्रं.

लखलखाटाची युक्ती वेगळी. जिथे चमक हवी तेवढी जागा मोकळी ठेवून बाकी काळं झाकायचं आणि खालून दिवा लावून तीच फिल्म पुन्हा चालवायची. दिव्याचा उजेड थेट फिल्मवर पडतो, म्हणून तो रंगवलेल्या पांढऱ्यापेक्षा कितीतरी झगझगीत दिसतो. तलवारीची चमक, डोळ्यांतली आग, स्फोट, सगळं याच रीतीने व्हायचं. ‘होकुतो’च्या मंडळींपुढे प्रश्न असा होता की मांगात हाराने आतडी, मेंदू, डोळे सविस्तर काढलेत, पण टीव्ही घराघरांत, संध्याकाळी सातला, जेवणाच्या वेळी. त्यांनी माणसाची सपाट छाया केली आणि रक्ताच्या जागी खालून दिवा लावला.

म्हणजे ही कात्री चित्रण व्हायच्या आधीच चालली होती. फिल्मवर लाल रक्त कधी पडलंच नाही. मग कितीही महाग डिस्क घ्या, ते येणार कुठून? भाजीत मीठच घातलं नसेल तर चांदीचं ताट घेऊन चव येत नाही.

दुसरी कात्री असते ती तयार फिल्मवर चालवलेली. १९८६ साली याच आशिदाने याच गोष्टीवर चित्रपट केला. थिएटरला टीव्हीची बंधनं नव्हती, तिथे रक्त सढळ सांडलं. पण चित्रपट घरच्या व्हिडिओवर आला तेव्हा अशी दृश्यं धूसर करून टाकली. इथे मूळ माल अस्तित्वात होता आणि वरून पडदा ओढला होता. अशा कलाकृतीच्या बाबतीत ‘न कापलेली प्रत’ या शब्दांना अर्थ आहे, कारण शोधायला काहीतरी आहे. मालिकेच्या बाबतीत ‘न कापलेली’ म्हणजे इतकंच की जपानी टीव्हीवर जे दिसलं ते सगळं आहे.

खरं सांगायचं तर मला आता तो लखलखाट आवडतो. चित्रपटातलं रक्त पहिल्या दहा मिनिटांत डोळ्यांना सरावतं. मालिकेतल्या छाया शंभराव्या भागातही अंगावर येतात, कारण काय होतंय ते आपणच डोक्यात पूर्ण करतो.

फिल्म ते डिस्क

त्या काळची बहुतेक टीव्ही ॲनिमे १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित व्हायची. एका फ्रेमची जागा सुमारे दहा बाय साडेसात मिलिमीटर, करंगळीच्या नखाएवढी. पण या एवढ्याशा जागेत जुन्या टीव्हीला दाखवता येत होतं त्यापेक्षा बरंच जास्त मावलेलं असतं. जपानचा टीव्ही ५२५ ओळींचा, त्यातल्या डोळ्यांना दिसणाऱ्या साधारण ४८०. म्हणजे १९८४ साली जपानी प्रेक्षकाने जे पाहिलं ते फिल्मवर होतं त्याहून कमीच होतं.

शिवाय टीव्ही सेकंदाला ६० अर्धी चित्रं दाखवायचा: आधी विषम ओळी, मग सम. फिल्म २४ फ्रेमची. २४ चे ६० करायचे कसे? एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा, पुन्हा दोनदा, पुन्हा तीनदा. हिशेब जुळतो, पण चाल लंगडते. कॅमेरा वाळवंटावरून आडवा सरकतो तेव्हा जुन्या डीव्हीडीवर चित्र बारीक हिसके देत जातं, आणि विषम-सम ओळी नीट जुळल्या नाहीत तर आकृतीच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेघा दिसतात. हॉस्टेलवरच्या आमच्या प्रतीत केनशिरो जोरात हलला की त्याला असे दात फुटायचे. आम्हाला वाटायचं, वेग दाखवायची स्टाइल असेल!

डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ४८० ठिपक्यांचं, म्हणजे साडेतीन लाखांच्या आतच. ब्लू-रेचं १९२० बाय १०८०. पण ही मालिका जुन्या, जवळपास चौकोनी पडद्यासाठी केलेली, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात आणि चित्राला १४४० बाय १०८० जागा मिळते. तरी ते डीव्हीडीच्या साडेचार पट झालं. काळ्या पट्ट्या पाहून ‘स्क्रीन भरत नाही’ म्हणणारे घरात निघतातच. त्यांचं ऐकून रिमोटवरचं झूमचं बटण दाबू नका. पट्ट्या जातील, पण सोबत केनशिरोचं कपाळही जाईल.

अर्थात ठिपके वाढले म्हणून तपशील वाढत नाही. जुन्या व्हिडिओ टेपवरून घेतलेलं चित्र नुसतं ताणलं तर तेच पुसट चित्र मोठं होतं. मूळ फिल्म पुन्हा यंत्रावर चढवून फ्रेम-फ्रेम नव्याने टिपली तरच फायदा. जाहिरातीतल्या ‘रिमास्टर’ या शब्दाखाली या दोन्ही गोष्टी खपतात, म्हणून विकत घेण्याआधी चित्र फिल्मवरून घेतलंय की टेपवरून, एवढं बघावं.

फिल्मवरून घेतलं की पडद्यावर सतत सळसळणारे बारीक कण दिसतात. आमच्या घरी पहिला प्रश्न आला, ‘एवढे पैसे देऊन मुंग्या कशाला?’ त्या मुंग्या म्हणजे फिल्मच्या रसायनाचेच कण. प्रत्येक फ्रेममध्ये ते वेगळ्या जागी असतात म्हणून सळसळतात. सॉफ्टवेअर लावून ते पुसता येतात: लागोपाठच्या फ्रेम ताडून पाहायच्या आणि जे उगाच बदलतंय ते काढून टाकायचं. पण सॉफ्टवेअरला कण आणि बारीक रेघ यांतला फरक कळेलच असं नाही. ‘होकुतो’तल्या माणसांच्या चेहऱ्यावर आणि दंडांवर रेघांचं नुसतं रान असतं, हाराच्या मूळ चित्रांचा वारसा. कण पुसायला गेलं की या रेघा विरघळतात आणि दगडी चेहऱ्याचा खलनायक राओ मेणाचा होतो.

माझं आणखी एक मत आहे, पटलं तर घ्या. ज्या मालिकेत सेकंदाला आठच चित्रं आहेत आणि दोन योद्धे अर्धा मिनिट एकमेकांकडे नुसते पाहत उभे राहतात, तिथे पडद्यावर हलत असतात ते फक्त कण. ते पुसले की मागे उरतं ते भिंतीवरचं कॅलेंडर.

स्वच्छ चित्रामुळे लपलेल्या गोष्टीही उघड्या पडतात. सेलवर बसलेली धूळ दिसते. सेलची सावली पार्श्वभूमीवर पडलेली दिसते. आणि डोंगरातला कोणता दगड आता फुटणार ते आधीच कळतं, कारण तो सेलवर रंगवलेला असतो आणि पार्श्वभूमीतल्या दगडांपेक्षा एक छटा उजळ असतो.

साठ तासांचं काय करायचं

१५२ भाग, प्रत्येकी साधारण चोवीस मिनिटं: एकसष्ट तासांच्या आसपास. जपानमध्ये हे आठवड्याला एक असं, सव्वातीन वर्षांहून जास्त काळ पाहिलं गेलं. आपण ते पावसाळ्यातल्या दोन महिन्यांत उरकायला निघतो, आणि इथेच घोळ होतो.

मांगा साप्ताहिक, मालिकाही साप्ताहिक. टीव्हीचा एक भाग मांगाची एकाहून जास्त प्रकरणं सहज गिळतो, त्यामुळे मालिका मांगाला गाठणार हे ठरलेलंच. मग वेळ काढायला मधे भर घालायची. मांगात केनशिरोचा पहिला मोठा शत्रू शिन अगदी सुरुवातीलाच निकालात निघतो. मालिकेत तिथे पोचायला बाविसावा भाग उजाडतो. तोवर मांगात शिनशी काहीही संबंध नसलेल्या गुंडांना त्याच्या टोळीत भरती केलंय. आठवड्याला एक पाहताना हे खपून गेलं असेल. सलग पाहताना आठव्या-नवव्या भागापर्यंत तुम्ही घड्याळ बघायला लागता. माझा सल्ला: पहिले तीन-चार भाग पाहा, मग सरळ एकविसावा नि बाविसावा पाहा आणि तेविसाव्यापासून मांडी ठोकून बसा. केनशिरोचा साथीदार रेई आणि भाऊ तोकी यांची खरी गोष्ट तिथून पुढे आहे, आणि राओचा शेवट १०८ व्या भागात. त्या राओची २००७ साली तोक्योत खऱ्याखुऱ्या देवळात, भिक्षूंच्या मंत्रोच्चारात अंत्ययात्रा झाली होती. कल्पनेतल्या खलनायकासाठी माणसं रांग लावून फुलं वाहून गेली. १०८ वा भाग पाहिल्यावर ते वेडगळ वाटत नाही.

एक गोष्ट मात्र वगळू नका: प्रत्येक भागाच्या शेवटी येणारी पुढच्या भागाची झलक. निवेदक शिगेरू चिबा सुरुवातीला शहाण्यासारखा बोलतो. पुढेपुढे त्याचा आवाज चढत जातो, आणि शेवटाकडे तो जत्रेतल्या मौत का कुआँवाल्यासारखा बेभान ओरडत असतो. आठवड्याच्या अंतराने हे चढणं लक्षात आलं नसतं. डिस्कवर सलग ऐकताना हसू आवरत नाही.

डिस्क चालेल का

आतेभावाने संच दिला त्या दिवशी तो चाललाच नाही. ब्लू-रेसाठी जगाचे तीन विभाग केलेत. जपान आणि अमेरिका दोघंही ‘ए’ मध्ये, भारत ‘सी’ मध्ये. इथे घेतलेल्या प्लेअरने ‘ही डिस्क या विभागात चालत नाही’ असं सांगून ती बाहेर ढकलली. डीव्हीडीलाही विभाग होते (अमेरिका १, जपान २, भारत ५), पण आपल्या बाजारातले स्वस्त डीव्हीडी प्लेअर कोणतीही डिस्क मुकाट्याने खायचे, त्यामुळे ही भानगड आपल्याला कधी कळलीच नाही. मला शेवटी ‘ए’ विभागाचा जुना प्लेअर मिळवावा लागला. बाहेरून डिस्क मागवणार असाल तर खोक्याच्या मागच्या बाजूला विभागाच्या छोट्या खुणेत कोणतं अक्षर आहे ते आधी बघा.

आवाज शक्यतो मूळ जपानी ठेवा. इंग्रजीत पूर्वी डबिंग झालं ते १५२ पैकी पहिल्या ३६ भागांचंच, गोष्ट ऐन रंगात येते तिथेच ते थांबतं. आणि जपानी ठेवायला मराठी माणसाला आणखी एक कारण आहे. केनशिरोचं जगप्रसिद्ध वाक्य, ‘ओमाए वा मो शिन्देइरु’. ‘ओमाए’ म्हणजे तू, तोही अरेतुरेतला. ‘मो’ म्हणजे आधीच, एव्हाना. ‘शिन्देइरु’ हे रूप मरण्याची क्रिया सांगत नाही, मरून झाल्यानंतरची अवस्था सांगतं. इंग्रजी सबटायटलमध्ये तिथे नुसतं एक विशेषण बसतं. मराठीत मात्र ‘-लेला आहे’ हे रूप नेमकं याच कामाचं: दार उघडलेलं आहे, दिवा लागलेला आहे. तू मेलेला आहेस. घटना होऊन गेली, ती फक्त त्या गुंडाला अजून कळलेली नाही. तो हसतो, ‘काय बडबडतोस?’ म्हणतो, एक पाऊल पुढे टाकतो, आणि मग खालून दिवा लागतो.